मालिनीबाईंच्या निलामाची व सुटकेची बखर

श्री अक्षरदेवतेस नमन असो. अकारापासून ज्ञपर्यंतच्या सर्व मंडळीस दंडवत घालून, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार व अनुस्वार या मानकऱ्यांस विशेष मुजरा करून ही हकिकत लिहिण्यास हात घातला. कारण की, उल्हास नदीच्या खोऱ्यात अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही ठाण्यांत लढाया पुष्कळ जाहल्या. टँकरच्या पाण्यासाठी जाहल्या, पार्किंगसाठी जाहल्या, रिक्षाच्या रांगेत तर नित्य होतात. परंतु एका वेलांटीसाठी मोहीम निघावी, आणि ती तोफेने, तलवारीने किंवा तोंडाने न जिंकता नीट विचारलेल्या एका प्रश्नाने जिंकावी, हे पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. मुलांनी ऐकावे आणि वेळ आली म्हणजे आठवावे, म्हणून सविस्तर लिहिले आहे.

तपशील ऐसा. मौजे बेलवली, बदलापूर पश्चिम, येथे अखंडित-वायफाय-अलंकृत राजमान्य राजश्री अवधूतराव नामे तरुण सरदार आपल्या मातोश्री शालनबाई यांचे छत्राखाली नांदत होते. वय कोवळे, मिशी होतकरू, कॉलेजात संगणकाची विद्या चालू, आणि स्वारीस आईची जुनी स्कूटी, जी चढावर खोकत असे आणि उतारावर कोणाचे ऐकत नसे. अवधूतराव मनाचे निर्मळ आणि हाताचे चपळ. परंतु धीर म्हणून जो गुण सरदारास लागतो तो त्यांचे वाट्यास बेताचाच आला होता. पडद्यावर पान उघडण्यास किंचित वेळ लागला तरी ते संगणकास दटावीत, आणि चहा उकळण्यापूर्वीच गाळून घेत.

आणि अंबरनाथ पूर्वेस मालिनीबाई नामे थोर गुरुमाउली. प्राथमिक शाळेतून त्या निवृत्त जाहल्या, परंतु शिकविण्यातून निवृत्त व्हा असे त्यांस कोणी फर्माविले नाही, सबब सोसायटीच्या सभागृहात आसपासची पोरे जमवून त्या संध्याकाळचा वर्ग चालवीत. त्यांचे यजमान कैलासवासी दिनानाथराव हे कारखान्यात ऑफिसर होते आणि कोड्यांचे मोठे शौकीन. शब्द उलटा करून वाचण्याचा खेळ त्या घरात त्यांचे वेळेपासून चालत आलेला, आणि बाईंनी तो वर्गातही चालू ठेविला होता. अवधूतराव लहानपणी याच बाईंच्या हाताखाली पाटी गिरवून मोठे जाहले. त्या वर्गाचा एक कायदा होता, जो मोठे होता होता अवधूतराव विसरले. तो कायदा पुढे योग्य जागी येईल.

तर एके दिवशी अवधूतरावांनी मनसुबा केला की, गुरूचे ऋण फेडावे आणि पोरांस खेळही द्यावा. मग त्यांनी संगणकावर एक प्रोग्राम रचिला. पोराने शब्द टाकावा, मग पडद्यावर हत्ती यावा, त्याने सोंडेने शब्द उचलावा आणि उलटा करून ठेवावा, ऐशी तजवीज. रविवारी बाईंच्या वर्गाचा मेळावा ठरला होता, पोरांचे आईबाप पाहावयास येणार होते, आणि हत्ती हे त्या दिवसाचे मुख्य आकर्षण. अवधूतरावांनी घरी बसून नयन, कनक, जलज, कमल असे शब्द टाकून हत्तीची परीक्षा घेतली, आणि हत्ती प्रत्येक वेळी उत्तीर्ण जाहला. मग त्यांस वाटले की मोहीम फत्ते. परंतु या शब्दांत काना नव्हता, मात्रा नव्हती, वेलांटी तर औषधालाही नव्हती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. किल्ल्याचा एकच दरवाजा पाहून किल्ला मजबूत म्हणावा, तैसे जाहले.

मग रंगीत तालमीचा दिवस उगवला. पोरे सभागृहात जमली आणि सर्वांचे पुढे वृंदा नामे एक वीरकन्या येऊन बसली. इयत्ता तिसरी, दोन वेण्या, जिभेस धार. तिने आपले नाव टाकिले. हत्ती डुलत आला, त्याने सोंड उचलली, आणि पडद्यावर काना एकीकडे, ऋकार दुसरीकडे, मधे भलताच अनुस्वार डोक्यावर घेतलेला द, असा मुडद्यांचा ढीग पडला.

"दादा!" वृंदेने आरोळी ठोकली. "माझं नाव मोडलं! तुकडे केले तुमच्या हत्तीने! आता जोडून द्या!"

अवधूतराव गडबडले. तितक्यात किसन नामे गडी, जो वर्गात शेवटी बसे आणि पहिला बोले, तो ओरडला, "बाईंचं टाका, बाईंचं!" आणि कोणी अडविण्यापूर्वी त्याने मालिनी ही अक्षरे दाबली. हत्तीने सोंड उचलली आणि पडद्यावर उमटले:

ीनिलाम

पुढे बिनधडाची एक वेलांटी, तिच्याभोवती ठिपक्यांचे रिंगण, आणि मागे स्वच्छ अक्षरांत निलाम. उल्हासनगर कॅम्पच्या बाजारात नित्य फिरणाऱ्या पोरांस त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. क्षणात सभागृह दणाणले.

"बाई निलाम! बाई निलाम!"

"मी पाच रुपये!"

"मी दहा!"

"मी दहा आणि एक पेरू!"

"पेरू आतून गुलाबी असेल तर आत्ताच येते बघ," असे म्हणून बाई स्वतः हसल्या, आणि बाईंस हसताना पाहून पोरे अधिकच चेकाळली. परंतु हसून जाहल्यावर बाईंनी चष्मा पदराने पुसला आणि पडद्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "नाही रे, माझं नाव उलटलं की असं नाही होत." त्या गलक्यात हे कोणी ऐकिले नाही. अवधूतरावांनी मात्र ऐकिले, आणि ते बोल त्यांचे काळजात रुतले. ज्या गुरूने आपणास अक्षर दिले, तिचेच नाव आपण भर सभेत निलामास काढिले! मग त्यांनी उभे राहून पोरांसमोर शपथ वाहिली की, रविवारी आईबापांसमोर बाईंचे नाव सुलटे उलटेल आणि वृंदेचे नाव जोडून मिळेल. न जाहल्यास हत्ती गुंडाळून ठेवू आणि या वर्गास पुन्हा तोंड दाखविणार नाही.

"नक्की ना?" वृंदेने विचारिले.

"नक्की."

"थुंकून सांगा."

बाईंनी डोळे वटारले, सबब थुंकण्याचा विधी तहकूब जाहला.

आता पहिली स्वारी. साऱ्या पृथ्वीवरील प्रोग्राम लिहिणारे इंटरनेटवर एके ठिकाणी जमून एकमेकांच्या अडचणी सोडवितात, त्यास या बखरीत महाचावडी म्हटले आहे. तेथे कोणी कोणाचा नोकर नाही. जो उत्तर देतो तो आपला वेळ मोडून देतो. तेथे प्रश्न चांगला असेल तर लोक गुण देतात, वाईट असेल तर उणे गुण देतात, आणि फारच वाईट असेल तर चावडीचे कारभारी त्यास कुलूप घालितात. या सर्वांचा कायदा दरवाजावरच लिहिलेला आहे. अवधूतराव तो न वाचता घोड्यासकट आत शिरले.

त्यांनी संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढिला. तो तिरपा आला. त्यात ट्यूबलाइटचा झोत, कोपऱ्यात वाळत घातलेले बनियन, आणि खाली सरदारांचा अंगठा. तो फोटो चढवून त्यांनी वर मथळा दिला: अर्जंट, प्लीज हेल्प; आणि त्यामागे उद्गारचिन्हांची अशी पलटण उभी केली की ती ओळीत मावेना. आत खलिता लिहिला की, रिस्पेक्टेड सर, माझा प्रोग्राम चालत नाही, रविवारी कार्यक्रम आहे, लवकरात लवकर करून द्यावे. प्रोग्रामची एक ओळ त्यात नाही, काय टाकिले आणि काय आले याचा पत्ता नाही. इतके करून समाधान न होता तोच खलिता त्यांनी आणखी जितक्या चावड्या ठाऊक होत्या तितक्यांवर एकदमच रवाना केला, आणि विजयाची वाट पाहत चहा न उकळताच गाळिला.

मग जे व्हावयाचे ते जाहले. उणे गुणांचा वर्षाव सुरू जाहला. कोणी विचारिले, कोणता प्रोग्राम? कोणी विचारिले, हा अंगठा कोणाचा? एकाने लिहिले की, हाच इसम शेजारच्या चावडीतही ओरडत आहे. अवधूतराव ऐसे खजील जाहले की शालनबाई भाजी चिरता चिरता थांबल्या आणि म्हणाल्या, "काय रे, लॅपटॉपने कानफटात मारली का?"

परंतु त्या गर्दीत एक धीराचे माणूस निघाले. त्या असामीने चावडीवर शांतकासव असे टोपणनाव घेतले होते. मुलूख पुर्तगाल, आणि लौकिक असा की, नवख्याचा प्रश्न मोडका असला तरी कासव त्यास एकवार हात देते. कासवाने उत्तर पाठविले की, प्रोग्राम चित्रात नको, मजकूर म्हणून द्यावा. अंदाज असा आहे की, तुमच्या लिपीत एका अक्षरात अनेक खुणा असतात, आणि तुम्ही अक्षरे न उलटता खुणाच उलटत आहात. आधी अक्षरे वेगळी करावी, मग उलटावी.

हे उत्तर सोन्यासारखे होते. परंतु अवधूतरावांस ते निम्मे कळले. खुणा म्हणजे काय आणि त्या वेगळ्या कशा ओळखाव्या, येथे त्यांचे घोडे अडले. मग कॉलेजात मास्तरांस जसे विचारितात तसेच त्यांनी भाबडेपणे विचारिले: सर, आय हॅव अ डाउट इन युवर आन्सर.

आता बदलापुरापासून कुर्ल्यापर्यंत कोणत्याही कॉलेजात, कोणत्याही बाकावर, डाउट म्हणजे न समजलेली गोष्ट. पोर हात वर करून "सर, डाउट" म्हणते आणि सर खूश होतात. परंतु पुर्तगालात आणि त्याच्या आसपासच्या फिरंगाणात डाउट म्हणजे संशय. कासवास वाटले की, आपण वेळ मोडून उत्तर दिले आणि हा गडी म्हणतो, तुझ्या उत्तराचा मला संशय येतो! मग कासवाचा उलट खलिता आला की, संशय असेल तर अवश्य बाळगावा. आपला दिवस चांगला जावो. आणि मी सर नाही, मी बाई आहे.

येथे शहाण्याने थांबावे. अवधूतराव थांबले नाहीत. त्यांच्या मस्तकात आग गेली आणि त्यांनी भर चावडीवर लिहून टाकिले की, येथे कोणास काही येत नाही, नुसता भाव खातात. मग कारभारी आले, त्यांनी ते वाक्य पुसले, प्रश्नास कुलूप घातले, आणि ताकीद दिली की, पुन्हा असे जाहल्यास वेशीबाहेर काढण्यात येईल. ऐशी ही पहिली स्वारी. शिकस्त पुरती जाहली, आणि रविवार तर जवळ येऊ लागला.

हरलेला सरदार प्रथम हत्यारास दोष देतो. अवधूतरावांनी असे ठरविले की, लॅपटॉप जुना आहे, त्यास मराठी सोसत नसेल. मग स्कूटीस खोगीर घालून ते उल्हासनगर कॅम्प दोनकडे कूच करिते जाहले. तेथे कमलेश नामे सिंधी कारागीर, मोडक्या लॅपटॉपांचा वैद्य, एका अरुंद दुकानात तारांच्या जंजाळात बसलेला असे. त्याच्याकडूनच हा लॅपटॉप घेतला होता.

"काय झालं, साईं?"

"चालत नाही."

कमलेशने लॅपटॉप उघडला, चालू केला, दोन बटणे दाबली, बंद केला आणि परत सरकवला. "एकदम मक्खन चालतोय."

"अरे, मराठी चालत नाही. म्हणजे प्रोग्राम चालत नाही."

"बघ, इथे दिवसभर लोक येतात," कमलेश स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचून म्हणाला. "बोलतात, चालत नाय. मी विचारतो, काय चालत नाय? बोलतात, काहीच चालत नाय! घरी चार्जर लावलेलाच नसतो. काल एक माणूस येऊन माझ्यावरच ओरडला. मी त्याला बोललो, साईं, तू डॉक्टरकडे जाऊन काय बोलतो? माणूस चालत नाय? पोट दुखतं का पाय दुखतो ते तरी बोल ना! मशीन ओके आहे. तुझं डोकं फॉरमॅट मारायचं असेल तर ठेवून जा, संध्याकाळपर्यंत देतो."

अवधूतराव हसले, आणि हसता हसता मधेच थांबले. चालत नाही, लवकर करून द्या! हे शब्द तर आपल्याच खलित्यातले. महाचावडीतील मंडळीस आपण त्या ओरडणाऱ्या गिऱ्हाइकासारखेच दिसलो असणार. मग त्यांनी कमलेशचा निरोप घेतला, आणि बेलवलीचा रस्ता सोडून स्कूटी अंबरनाथ पूर्वेस वळविली.

मालिनीबाई गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता अर्धे मटार सरदारांपुढे सरकविले आणि मग म्हणाल्या, "आता बोल."

अवधूतरावांनी मोबाइल उघडून सारा पत्रव्यवहार दाखविला. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचिला. अंगठ्याचा फोटो पाहून त्यांस हसू आवरेना. "हा तुझाच ना? नखं काप. सगळ्या जगाने पाहिली." मग त्या डाउटपाशी येऊन थांबल्या.

"इथे तू शंका विचारलीस की शंका घेतलीस?"

"विचारली, बाई."

"तिला वाटलं, घेतलीस. विचारणं आणि घेणं, क्रियापद बदललं की मैत्रीचं भांडण होतं. आपल्या भाषेत होतं, मग तिच्या भाषेत नाही होणार? तुझं चुकलं नाही. तिचंही चुकलं नाही. पण तिने वेळ दिला होता, आणि पुढचं जे तू लिहिलंस ना, भाव खातात वगैरे, ते मात्र चुकलं."

मग बाईंनी विचारिले, "वर्गात 'कळलं नाही' म्हणायला मी का बंदी केली होती?"

आणि येथे तो कायदा आला, जो सरदार विसरले होते. बाईंच्या वर्गात शंकेचा तास असे. त्या तासास हात वर करून "कळलं नाही" एवढेच म्हणण्यास सक्त मनाई. अवधूतराव तिसरीतल्या पोरासारखे खाली मान घालून म्हणाले, "कुठपर्यंत कळलं ते सांगायचं."

"का?"

"कारण मग बाईंना तिथूनच पुढे धरता येतं."

"आणि?"

"आणि सांगता सांगता कधीकधी आपलं आपल्यालाच कळतं."

"मग बस," बाई म्हणाल्या. "लिहायला घे."

मग गॅलरीत तहनाम्याची मसलत सुरू जाहली. अवधूतरावांनी नवा प्रश्न टाकण्याची तयारी केली, तो बाईंनी अडविले की, मोडलेला प्रश्नच दुरुस्त करावा, पाटी पुसून त्याच पाटीवर लिहावे, आणि बाकीच्या चावड्यांवर जे ओरडून आलास ते जाऊन पुसावे. सरदारांनी निमूटपणे पुसले. मग त्यांनी माफीनामा लिहिला, ज्यात आपली परिस्थिती, मातोश्रींची स्कूटी, गुरूचे ऋण आणि पोरांचे अश्रू यांचे हृदयद्रावक वर्णन होते. बाईंनी ते सर्व खोडले आणि एकच ओळ ठेविली: मी रागात वाईट लिहिले, ते चुकले, डाउट हा शब्द आमच्याकडे न समजलेल्या गोष्टीस वापरितात, संशयास नव्हे.

"एवढंच? रुक्ष वाटतंय, बाई."

"माफी एकदाच मागायची. सात वेळा मागितली की समोरच्याला तुझीच समजूत काढत बसावं लागतं."

मग मूळ प्रश्न. अवधूतरावांनी चावडीचे जुने कागद चाळिले, जे त्यांनी मुळातच चाळावयास हवे होते, आणि तमिळ शब्द उलटताना एकास असाच त्रास जाहल्याचे त्यांस आढळले. मग त्यांनी आपल्या प्रोग्राममधून हत्ती काढिला, सोंड काढिली, रंग काढिले, आणि बिघाड दाखविण्यापुरत्या मोजक्या ओळी मजकूर म्हणून मांडिल्या. हत्ती निघून जाताच त्यांस स्वतःसही दिसू लागले की, मा हे अक्षर संगणकाच्या लेखी एक नव्हेच. तेथे म वेगळा आणि काना वेगळा, आणि उलटताना प्रत्येक काना व वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडत आहे. मथळा दिला: देवनागरी शब्द उलटताना वेलांटी आपल्या अक्षरापासून सुटते. खाली लिहिले की, अक्षर आणि खुणा निराळ्या हे मला कळले. एका अक्षराच्या सर्व खुणा एकत्र कशा धराव्या, येथून पुढे कळले नाही. मग उदाहरण: टाकिले मालिनी, आले ीनिलाम, यावयास हवे होते...

येथे अवधूतरावांनी बोटांवर अक्षरे उलटी मोजिली आणि लिहिले, नीलिमा.

"बाई, तुमचंच नाव उदाहरणाला घेतलंय. बदलू का?"

बाईंनी मोबाइल हातात घेतला. त्या शब्दाकडे त्या इतका वेळ पाहत राहिल्या की, अवधूतरावांस वाटले काही खोडणार. परंतु त्यांनी काही खोडले नाही. "असू दे," त्या म्हणाल्या. "हेच ठेव." आणि मटाराच्या साली घेऊन आत गेल्या.

प्रश्न रवाना जाहला. सरदार घडोघडी मोबाइल उघडून पाहू लागले, तेव्हा आतून फर्मान आले की, तो ठेव आणि उरलेले मटार संपव. कासव आपल्या वेळेने येते.

कारभाऱ्यांनी दुरुस्त प्रश्न वाचिला आणि कुलूप काढिले. उणे गुण देणाऱ्यांपैकी काहींनी येऊन आपले बाण मुकाट्याने परत नेले. आणि दुसरे दिवशी सकाळी बेलवलीस, शालनबाईंनी चहाचे आधण ठेविले असता, पुर्तगालाहून कासवाचा खलिता आला. कासवाने लिहिले की, आता प्रश्न स्वच्छ कळला. एका अक्षराच्या सर्व खुणा एकत्र धरून देणारे साधन तुमच्या प्रोग्रामच्याच भाषेत तयार आहे, ते अमुक. आधी त्याने अक्षरे मोकळी करावी आणि मगच उलटावी. मात्र जोडाक्षरे काही संगणकांवर अजून फुटतात, तेवढे सांभाळावे. आणि शेवटी एक ओळ होती: तुमच्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, मीही तो उलटा वाचला. धिस इज अ गुड डाउट.

अवधूतरावांनी ती शेवटची ओळ पुनःपुन्हा वाचिली. मग साधन बसविले, मालिनी टाकिले, आणि बोट बटणावर नेऊन मागे घेतले.

"आई, चहा उकळला का?"

"अजून नाही. गाळून देऊ का तसाच?"

"नको. उकळू दे."

शालनबाईंनी पोराच्या कपाळास हात लावून ताप पाहिला. चहा पुरता उकळला, गाळला, तेव्हा सरदारांनी बटण दाबले. वेलांट्या आपापल्या अक्षरास धरून शिस्तीत उलट्या चालत आल्या. मग त्यांनी कासवाच्या उत्तरावर हिरवी खूण केली, म्हणजे प्रश्न सुटल्याची ग्वाही दिली, आणि थोडक्या शब्दांत आभार मानिले. बाई शेजारी नसताही त्यांनी त्यातून दोन वाक्ये स्वतःच खोडली.

मग रविवार उगवला. सोसायटीचे सभागृह आईबापांनी भरले, भिंतीवर पांढरी चादर ताणली, आणि त्यावर हत्ती प्रकट जाहला. वृंदा दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी बांधून आली होती. तिने अवधूतरावांकडे एक कडक नजर टाकून आपले नाव दाबिले. हत्तीने सोंड उचलली आणि चादरीवर आले, दावृं. काना दाच्या खांद्यावर, अनुस्वार वृंच्या डोक्यावर, कोणी घायाळ नाही, कोणी बेपत्ता नाही.

"दावृं!" वृंदा किंचाळली. "आई, मी दावृं! जोडलं, दादांनी जोडलं!"

मग पोरांची झुंबड उडाली. किसनचा नसकि जाहला. अवधूतरावांचा तधूवअ जाहला, आणि पोरांस ते नाव इतके आवडले की तोच किताब त्यांस त्या दिवसापासून कायम मिळाला. मग किसनच पुढे येऊन म्हणाला, "आता बाईंचं! बाईंना सोडवायचंय ना निलामातून!"

किसनने एकेक अक्षर दाबिले. हत्ती डुलत आला, त्याने सोंड उचलली, आणि चादरीवर मोठ्या अक्षरांत उमटले:

नीलिमा

टाळ्यांचा कडकडाट जाहला. अवधूतरावांनी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिले, आणि पाहतात तो बाई हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

"बाई," वृंदेने विचारिले, "नीलिमा कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

कोणास काही कळेना. मग बाई खुर्चीवर बसल्या आणि शंकेच्या तासास सांगत तशा सांगू लागल्या. "लग्नाआधी माझं नाव नीलिमा होतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. सासूबाई म्हणाल्या, नाव बदललंच पाहिजे. मला नको होतं. ह्यांनाही नको होतं, पण आईपुढे बोलायची हिंमत नव्हती. मग ह्यांनी तांदळात लिहिलं, मालिनी. सासूबाई खूश. आणि ताट माझ्यापुढे सरकवताना हे माझ्या कानात म्हणाले, 'उलटं वाच.'"

मग मागच्या रांगेतून कोणाची तरी आजी म्हणाली, "भारीच होते की हो तुमचे यजमान!" आणि सारे सभागृह हसले.

"एवढी वर्षं हे नाव कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "परवा हत्तीने निलाम केलं, तेव्हा मनात म्हटलं, अहो, तुमचं कोडं यंत्राला सुटत नाही हो. आज सुटलं."

मग वृंदेने हात वर केला आणि फर्माविले की, सर्वांनी मिळून वाचावे. आणि पोरे, आईबाप, सोसायटीचा वॉचमन, सर्वांनी एका आवाजात चादरीवरील नाव वाचिले.

येणेप्रमाणे वेलांटीचे बंड मोडले, मालिनीबाईंची निलामातून सुटका जाहली, वृंदा जोडली गेली, आणि ज्या साली हत्ती प्रथम शिस्तीत उलटा चालला त्या साली अंबरनाथ पूर्वेस ही फत्ते रुजू जाहली. खर्ची पडले ते एका सरदाराचे थोडे गर्वहरण आणि मटाराची एक टोपली. मेळाव्याची हकिकत पुर्तगालास कळविली, तेव्हा कासवाने उत्तरादाखल फक्त एक निळे फूल पाठविले. हल्ली अवधूतराव महाचावडीवर सवड मिळेल तेव्हा बसतात, आणि कोणी नवखा उद्गारचिन्हांची पलटण घेऊन, तिरपा फोटो आणि अंगठा दाखवीत, सर, सर करीत आत शिरला, तर त्यास उणे गुण न देता विचारितात की, बाबा रे, तुला कुठपर्यंत कळले आहे? आणि तो सांगेपर्यंत चहा उकळू देतात.

याहून अधिक लिहावे तर मजकूर बाईंच्या नजरेस पडेल आणि त्या खोडतील. सबब लेखणी येथेच ठेविली. उलटे वाचणाऱ्यासही शुभ असो.